ॲनिमेशनपट पूर्ण झाल्यावर : वाचकांचे प्रश्न

कला महाविद्यालयांतील आणि ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांतील अंतिम वर्षाची सादरीकरणे उन्हाळ्यात संपतात आणि त्यानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर ‘हे कसे करावे’ असे विचारणारे विद्यार्थी आता ‘हे झाले खरे, पण जे झाले त्याकडे कसे पाहावे’ असे विचारू लागतात. मुंबई आणि परिसरातून आलेल्या अशा पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण थोड्याफार फरकाने सर्वांचीच आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी उपयोजित कलेच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. हाताने रेखाटलेला तीन मिनिटांचा ॲनिमेशनपट मी नुकताच पूर्ण केला. ससून डॉकवरील पहाटेचा लिलाव आणि तिथून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघालेली एक कोळीण, असा त्याचा विषय आहे. गेल्या वर्षी १ जूनला मासेमारी बंद होण्यापूर्वी मी तिथे जाऊन रेखाटने करून घेतली होती. परीक्षकांनी चांगले गुण दिले, पण मोठ्या पडद्यावर पाहताना मला केवळ दोषच दिसले. चालताना कोळणीचे पाय जमिनीवरून घसरल्यासारखे वाटतात, समुद्राच्या त्याच लाटा तीन ठिकाणी वापरल्या आहेत आणि शेवटची दृश्ये घाईने उरकल्यासारखी दिसतात. आता संस्थेने प्रकल्पाविषयीचे मनोगत मागितले आहे. त्यात हे दोष लिहावेत का? आणि ते लिहिल्यावर लिहिण्याजोगे काय उरते?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : दोष अवश्य लिहावेत, परंतु प्रत्येक दोष कामाच्या कोणत्या टप्प्यावर निर्माण झाला, याचा शोध घेऊन मगच लिहावेत. पडद्यावर ज्या ठिकाणी तो दिसतो, त्या ठिकाणी तो क्वचितच जन्मलेला असतो. तुम्ही दिलेल्या तीन उदाहरणांची कारणे एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत, आणि त्यांतील एक तर माझ्या मते दोषच नाही.

प्रथम पाय घसरण्याविषयी. तुमचा चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असून तुम्ही बहुतेक रेखाटने ‘ऑन टूज’ म्हणजे प्रत्येकी दोन फ्रेम धरून वापरली असतील, असे मी गृहीत धरतो. कोळीण पडद्याच्या मध्यभागी जागच्या जागी चालते आहे आणि तिच्यामागची पार्श्वभूमी सरकते आहे, अशी या दृश्याची रचना असावी. समजा, तिचे एक पाऊल १२ फ्रेममध्ये पडते आणि त्या पावलाचे अंतर २४० पिक्सेल आहे. तेव्हा पार्श्वभूमी दर फ्रेमला २० पिक्सेल सरकली पाहिजे आणि जमिनीला टेकलेला पायही तेवढ्याच वेगाने मागे गेला पाहिजे. संगणक पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकवतो, तुमचे रेखाटन मात्र दोन फ्रेममागे एकदाच बदलते. त्यामुळे एका फ्रेमला जमीन २० पिक्सेल पुढे निघून जाते, पाय जागीच राहतो आणि पुढच्या फ्रेमला तो एकदम ४० पिक्सेलची उडी घेऊन जमिनीला गाठतो. डोळ्याला जी घसरण जाणवते ती हीच. तुमच्या चित्रकलेचा त्यात काहीही अपराध नाही. सरकत्या पार्श्वभूमीवरची चाल प्रत्येक फ्रेमला नवे रेखाटन देऊन करायची, हा निर्णय लेआउटच्या, म्हणजे दृश्याची मांडणी ठरवण्याच्या वेळीच व्हायला हवा होता. मनोगतात ‘चाल नीट जमली नाही’ असे एक वाक्य लिहिण्याऐवजी हे कारण आकड्यांसह लिहिले, तर तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होईल आणि वाचणाऱ्याला तुमची समजही दिसेल.

लाटांचा पुनर्वापर ही हाताने रेखाटलेल्या ॲनिमेशनमधील जुनी आणि सन्मान्य काटकसर आहे. येथे विचारण्याचा प्रश्न एवढाच की, ती प्रेक्षकाला कळते का. १६ रेखाटनांचे एक आवर्तन ‘ऑन टूज’ चालवले, तर ते दर ३२ फ्रेमनंतर, म्हणजे सव्वा ते दीड सेकंदात पुन्हा सुरू होते आणि डोळा ते लगेच ओळखतो. त्याच १६ रेखाटनांच्या थरावर २० रेखाटनांचा दुसरा थर ठेवला, तर दोन्ही मिळून होणारी आकृती ८० रेखाटनांनंतर, म्हणजे साडेसहा सेकंदांहून अधिक काळाने परत येते. नवी रेखाटने फक्त २० लागतात आणि समुद्र जिवंत वाटू लागतो. तुम्ही असे काही केले असेल, तर ती तुमच्या नियोजनाची जमेची बाजू आहे आणि तिचा उल्लेख ठळकपणे करावा. केले नसेल, तर पुढच्या वेळी काय करता येईल म्हणून लिहावे.

तिसऱ्या मुद्द्यावर अधिक वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ४३२० फ्रेम, आणि सगळे काम ‘ऑन टूज’ केले तरी २१६० रेखाटने. एकटीने एवढे काम करताना शेवटी वेळ अपुरा पडणे स्वाभाविक आहे, पण त्याचा फटका नेमका शेवटच्याच दृश्यांना का बसला, हे पाहिले पाहिजे. तुम्ही दृश्ये कथेच्या क्रमाने केली असावीत, असा माझा अंदाज आहे. बहुतेक विद्यार्थी तसेच करतात, आणि त्यामुळे हात नवखा असताना सुरुवातीची दृश्ये भरपूर वेळ घेऊन होतात, तर हात तयार झालेला असताना शेवटची दृश्ये थकव्यात होतात. चित्रपटाचा आरंभ आणि शेवट या दोन्ही महत्त्वाच्या जागा अशा रीतीने कमकुवत राहतात. मधली, तुलनेने सोपी दृश्ये आधी करून हात बसवावा, मग कथेचा कळस आणि शेवट करावा आणि प्रारंभीचे दृश्य अखेरीस करावे, असा क्रम मी सुचवत आलो आहे. तुमच्या बाबतीत काय घडले हे तपासण्यासाठी ॲनिमॅटिक (कच्ची चित्रे ठरवलेल्या वेळेनुसार जोडून केलेला आराखडा) आणि पूर्ण झालेला चित्रपट एकाच पडद्यावर शेजारी शेजारी चालवून पाहा. प्रत्येक शॉटची ठरवलेली लांबी, प्रत्यक्षातली लांबी, त्यातील रेखाटनांची संख्या आणि त्याला लागलेले दिवस यांचा तक्ता करा. तुमच्या मनोगतातील सर्वांत मौल्यवान पान हेच असेल, कारण पुढच्या कामाचा अंदाज बांधण्यासाठी स्वतःच्या हाताचा खरा वेग दुसऱ्या कोणाकडूनही मिळत नाही. घाईचा आभास कधीकधी केवळ विराम नसल्यामुळेही होतो. शेवटच्या क्रियेनंतर पात्राला एक सेकंद स्थिर ठेवायला २४ फ्रेम लागतात, रेखाटन मात्र एकच. ही दुरुस्ती आजही करता येईल.

आता उरलेल्या लेखनाविषयी. तुमच्याजवळ ससून डॉकवरची रेखाटने आहेत. १८७५ पासून उभी असलेली ही गोदी आणि तिथला लिलाव पाहून तुम्ही काय टिपले आणि त्यातले पडद्यापर्यंत काय पोहोचले, यावर सावकाश लिहा. डोक्यावर भरलेली पाटी असलेली स्त्री चालते तेव्हा तिचे डोके जवळपास एका पातळीत राहते आणि पावलांचा सगळा हिसका गुडघे व कंबर झेलतात. रिकाम्या डोक्याच्या चालीत डोके वरखाली होते तसे येथे होत नाही. ही गोष्ट तुमच्या कोळणीत उतरली असेल, तर ती कोणत्याही पुस्तकातील ठरावीक चालीतून आलेली नाही, तुमच्या निरीक्षणातून आली आहे. त्याचप्रमाणे वहीतील कच्ची रेषा आणि क्लीन-अपनंतरची, म्हणजे स्वच्छ करून पुन्हा काढलेली रेषा शेजारी ठेवून पाहा. पहिल्या रेषेतील ओझे दुसऱ्या रेषेत हलके झाले आहे का? अनेक विद्यार्थ्यांच्या कामात नेमके येथेच काहीतरी हरवते, आणि ते हरवल्याचे चित्रपट पूर्ण झाल्यावरच कळते.

एक विनंती आहे. शक्य झाले तर हा चित्रपट मोबाइलवर घेऊन डॉकवर जा आणि ज्यांची चाल तुम्ही रेखाटली, त्या मावश्यांना दाखवा. त्या कुठे बोलू लागतात, कुठे एकमेकींना दाखवतात, कुठे त्यांचे लक्ष दुसरीकडे जाते, हे नोंदवून ठेवा. ससून डॉकच्या चित्रपटाला त्यांच्याइतका जाणकार प्रेक्षक मिळणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून दोन मिनिटांचा थ्रीडी ॲनिमेशनपट केला. रेंडरिंगला (संगणकाने प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र तयार करण्याला) इतका वेळ लागला की शेवटी दर्जा कमी करावा लागला आणि अंधाऱ्या दृश्यांत भिंती सतत लुकलुकताना दिसतात. शिवाय कामाची वाटणी समान झाली नाही. मनोगत एकत्र लिहायचे आहे. मित्रांना न दुखावता खरे कसे लिहावे?
— एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : आधी रेंडरिंगचा हिशेब मांडू, म्हणजे दोष माणसावर जाणार नाही. दोन मिनिटांचे २८८० फ्रेम होतात. एका फ्रेमला ८ मिनिटे लागत असतील, तर एका संगणकाला २३,०४० मिनिटे, म्हणजे ३८४ तास, म्हणजे अखंड १६ दिवस लागतात. चार संगणक असले तरी चार दिवस, आणि तेही एकही दुरुस्ती न निघता. हा आकडा शेवटच्या आठवड्यात अचानक उभा राहत नाही. प्रकाशयोजना आणि पृष्ठभागांचे रूप ठरवले, त्या दिवशीच तो ठरलेला असतो. पहिला शॉट पूर्ण स्वरूपात रेंडर करून त्या वेळेला एकूण फ्रेमसंख्येने गुणले असते, तर खोलीतील दिवे कमी करणे किंवा काचेचे पृष्ठभाग टाळणे असे निर्णय तुम्हाला शांतपणे घेता आले असते. भिंती लुकलुकण्याचे कारणही बहुधा यातच आहे. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी संगणक तपासतो ते प्रकाशाचे नमुने, कमी केल्याने चित्रात कण उरतात, ते पुसणारी डीनॉइझर ही सोय प्रत्येक फ्रेममधील कण स्वतंत्रपणे पुसते आणि दर फ्रेमला पुसण्याचा परिणाम थोडा वेगळा येतो. स्थिर चित्रात जे स्वच्छ दिसते, तेच चालत्या चित्रात थरथरते. अंधाऱ्या भागांत प्रकाशकिरण कमी पोहोचतात, म्हणून तिथे ते अधिक जाणवते. हे सगळे मनोगतात ‘आम्ही’ असे लिहूनच मांडा, कारण तो चौघांचा निर्णय होता.

वाटणीचे मात्र वेगळे आहे. कोणी जास्त केले आणि कोणी कमी, याची तुलना लिहू नका. कोणी काय केले, एवढेच लिहा. मॉडेलिंग, रिगिंग (पात्र हलवता यावे म्हणून त्याला सांगाडा जोडणे), लेआउट, प्रत्येक शॉटचे ॲनिमेशन, प्रकाशयोजना, कंपोझिटिंग (चित्राचे वेगवेगळे थर एकत्र करणे), ध्वनी अशी कामे मांडून प्रत्येकापुढे नाव द्या आणि हा तक्ता चौघांनी एकत्र बसून मान्य करा. रिगिंगसारखे काम पडद्यावर दिसत नाही, तरी त्यावाचून पात्र हलत नाही. ते तक्त्यात आले की त्याची दखल आपोआप घेतली जाते. श्रेयनामावलीतही हाच तक्ता वापरा. नोकरीसाठी शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत, पाठवाल तेव्हा स्टुडिओ प्रत्येक शॉटमध्ये तुमचे काम नेमके कोणते, हे विचारणारच आहे. आज मान्य झालेला तक्ता त्या वेळी चौघांच्याही उपयोगी पडेल.

प्रश्न : मनोगतात ‘प्रेरणा आणि परंपरा’ असे एक प्रकरण लिहायचे आहे. वर्गातील सर्वजण अमेरिकन आणि जपानी चित्रपटांविषयी लिहीत आहेत. आपल्याकडचे काही लिहिण्यासारखे आहे का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : आहे, आणि त्यातले बरेचसे मुंबईतच घडले आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या कालांतराने टिपून ती सलग चलतचित्रात दाखवली होती, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्या हलवून केलेला लघुपट केला. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून फिल्म विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीसाठी डिस्ने स्टुडिओतील क्लेअर वीक्स येथे आले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी राम मोहन यांनी पुढे अनेक दशके भारतीय ॲनिमेशनला आकार दिला. पेडर रोडवरील गुलशन महाल आणि त्याशेजारच्या नव्या इमारतीत २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे एक दिवस काढावा.

तथापि केवळ यादी वाढवण्यासाठी ही नावे लिहू नयेत. तुमच्या चित्रपटातील एखाद्या निर्णयाशी ज्याचा संबंध आहे तेवढेच घ्या. एखादी कृती तुम्ही चित्रपट पूर्ण झाल्यावर पाहिली असेल, तर तसे लिहा आणि ती आधी पाहिली असती तर कोणता शॉट वेगळा झाला असता, हे सांगा. परीक्षकाला त्यातून अधिक कळेल.

प्रश्न : आमचा मुलगा जवळपास वर्षभर रात्रंदिवस आपल्या ॲनिमेशनच्या प्रकल्पावर काम करत होता. सादरीकरण झाले, कौतुकही झाले, पण तेव्हापासून तो संगणक उघडत नाही आणि चित्रपटाविषयी बोलणे टाळतो. आम्ही काळजी करावी का?
— एक आई, गिरगाव

उत्तर : आपली काळजी समजते. वर्षभर एका सेकंदाच्या चोविसाव्या भागाचा विचार केलेल्या मनाला काही आठवडे तो विषय नकोसा होणे स्वाभाविक आहे, आणि तेवढी विश्रांती त्याला मिळू द्यावी. ‘आता पुढे काय’ हा प्रश्न सध्या घरात कोणी विचारू नये. काही दिवसांनी त्याला आवडेल अशा वेळी एखादे दृश्य निवडून ‘हे तू कसे केलेस, मला दाखव’ असे म्हणून पाहा. कच्च्या रेखाटनापासून शेवटच्या फ्रेमपर्यंतचा प्रवास आईला समजावून सांगताना त्याला स्वतःलाच आपण काय शिकलो हे दिसू लागेल. मात्र झोप, जेवण, मित्रांकडे जाणे हेही सुटले असेल आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच राहत असेल, तर डॉक्टरांशी बोलण्यास उशीर करू नये.

प्रश्न : माझ्या ॲनिमेशनपटात मी इंटरनेटवरून घेतलेले एक जुने कोळीगीत वापरले आहे. महाविद्यालयात कोणी हरकत घेतली नाही. आता चित्रपट महोत्सवांना पाठवायचा आहे. अडचण येईल का?
— एक विद्यार्थिनी, वसई

उत्तर : येईल, म्हणून पाठवण्यापूर्वीच तिचे निराकरण करावे. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्याच मर्यादित प्रेक्षकांपुढे ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट सादर करण्यास सवलत आहे. महोत्सवातील सार्वजनिक प्रदर्शन या सवलतीत येत नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क वेगवेगळे असतात. गीत पारंपरिक असले तरी तुम्ही वापरलेले ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असू शकते, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ‘जुने’ आणि ‘पारंपरिक’ या दोन बाबींत म्हणूनच गल्लत करू नये.

गीत खरोखर पारंपरिक असल्याची खात्री झाली, तर वसईच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत ते गाणारे लोक तुम्हाला सहज भेटतील. त्यांच्या लेखी संमतीने, योग्य मानधन देऊन ते नव्याने ध्वनिमुद्रित करा आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे द्या. नव्या गायनाची लय वेगळी येईल आणि काही शॉटची लांबी बदलावी लागेल. चित्र कायम ठेवून त्यावर गाणे ओढूनताणून बसवू नका. चित्रपट तुमच्या संस्थेच्या नावावर आहे की तुमच्या, हेही संस्थेकडून लेखी विचारून घ्या, कारण महोत्सवाच्या अर्जावर हक्कधारकाची सही लागते. मुंबईत १९९० पासून भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांच्यासाठीच आहे. त्याचे नियम वाचलेत, तर कोणती कागदपत्रे तयार ठेवायची याचा चांगला अंदाज येईल.

प्रश्न : महाविद्यालयाच्या संगणकावरील आमच्या फाइल पुढील महिन्यात काढून टाकणार आहेत. नेमके काय जपून ठेवावे?
— एक विद्यार्थी, कुर्ला

उत्तर : पूर्ण झालेला चित्रपट सर्वजण ठेवतात. त्याबरोबर ॲनिमॅटिक, लाइन टेस्ट (कच्च्या रेखाटनांची हालचाल तपासण्यासाठी केलेली चित्रफीत) आणि रद्द केलेले शॉटही ठेवा, कारण मागे वळून पाहण्याचे खरे साहित्य तेच आहे. सॉफ्टवेअरची मूळ फाइल काही वर्षांनी नव्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. म्हणून प्रत्येक शॉट पीएनजी चित्रमालिकेच्या स्वरूपात आणि संवाद, पार्श्वध्वनी व संगीत वेगवेगळ्या वेव्ह फाइलच्या स्वरूपात काढून घ्या. वापरलेले फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये असू द्या. एकूण तीन प्रती करा, त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवा. कागदावरची रेखाटने असतील तर ती पावसाळ्याआधी स्कॅन करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, कारण मुंबईत त्या भिंतीला जुलैपर्यंत ओल येते.